प्लूटो : गणितातला आणि आकाशातला

सन १९११ च्या मे महिन्यात फ्रान्समधील ज्योतिर्विदांच्या मंडळाच्या पत्रिकेत एका मराठी पंडिताचा लेख प्रसिद्ध झाला. लेखकाचे नाव व्यंकटेश बापूजी केतकर. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असले पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांतील पहिल्या ग्रहाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट आणि त्याच्या एका प्रदक्षिणेचा काल २४२.२८ वर्षे, असे आकडे त्यांनी दिले. पुढे एकोणीस वर्षांनी प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर सुमारे ३९.५ पट आणि प्रदक्षिणाकाल सुमारे २४८ वर्षे ठरला. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे मराठी मनाला अभिमान वाटावा, हे स्वाभाविक आहे. परंतु केतकरांनी नेमके काय सांगितले आणि तो दूरचा गोल प्रत्यक्षात कसा निघाला, हे दोन्ही समजून घेतल्यावाचून त्या अभिमानाला अर्थ येत नाही.

केतकरांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. ते पेशाने शिक्षक होते. ‘ज्योतिर्गणित’ आणि ‘केतकी ग्रहगणित’ हे त्यांचे संस्कृत ग्रंथ पंचांगकर्त्यांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. जुन्या सारण्यांवरून काढलेली ग्रहस्थिती आणि आकाशात दिसणारी ग्रहस्थिती यांत अंतर पडू लागले होते. ते दूर करण्यासाठी त्यांनी पाश्चात्त्य गणित आत्मसात केले आणि ते आपल्या परंपरेच्या भाषेत आणले. गणित प्रत्यक्ष वेधाशी जुळले पाहिजे, हा त्यांच्या आयुष्यभराच्या खटाटोपाचा गाभा होता.

नेपच्यूनपलीकडच्या ग्रहांचा विचार करताना त्यांनी लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाचा आधार घेतला. गुरूच्या पहिल्या तीन मोठ्या उपग्रहांच्या गतींत एक नियमित प्रमाण आहे. पहिल्याच्या चार फेऱ्या होतात, तेवढ्या काळात दुसऱ्याच्या दोन आणि तिसऱ्याची एक होते. असेच एखादे प्रमाण युरेनस, नेपच्यून आणि त्यांच्या पलीकडचे ग्रह यांच्यातही असावे, अशी केतकरांची कल्पना होती. त्या ग्रहांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली.

अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल यांनी वेगळा मार्ग धरला होता. युरेनसच्या गतीत काही सूक्ष्म फरक राहून जातो, तो कोणा अज्ञात ग्रहाच्या ओढीमुळे असावा, असे मानून त्यांनी पृथ्वीच्या सुमारे सातपट वस्तुमानाचा ग्रह कल्पिला. १९१६ साली ते वारले. पण ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ येथील त्यांच्या वेधशाळेने शोध सोडला नाही. क्लाइड टॉमबॉ या कॅन्ससच्या शेतकरी कुटुंबातील तेवीस वर्षांच्या तरुणाने १९३० च्या जानेवारीत आकाशाच्या एकाच भागाची काही दिवसांच्या अंतराने छायाचित्रे घेतली. १८ फेब्रुवारी रोजी ती ताडून पाहताना एक अंधुक ठिपका ताऱ्यांमधून सरकलेला त्याला आढळला. हाच प्लूटो. १३ मार्चला ही वार्ता जाहीर झाली, आणि त्याच वर्षी केतकरांचे देहावसान झाले.

ठिपका सापडला, पण तो किती मोठा, किती जड, कशाचा बनलेला, हे दुर्बिणीतून समजेना. प्रारंभी त्याचे वस्तुमान पृथ्वीएवढे धरले गेले. १९४८ च्या सुमारास ते पृथ्वीच्या दशांशावर आले, आणि १९७६ साली शतांशावर. मग २२ जून १९७८ रोजी जेम्स ख्रिस्ती या अमेरिकन ज्योतिर्विदाला प्लूटोच्या छायाचित्रांत एका बाजूला फुगवटा दिसला. तो फुगवटा म्हणजे प्लूटोचा उपग्रह होता. त्याला शॅरन हे नाव मिळाले. उपग्रह हा ज्योतिर्विदाच्या हातचा तराजूच होय; कारण तो किती अंतरावरून किती काळात फिरतो, हे कळले की मधल्या गोलाची ओढ, आणि ओढीवरून वस्तुमान, गणिताने निघते. या तराजूत प्लूटो फारच हलका भरला. आजच्या मोजणीप्रमाणे त्याच्यासारखे सुमारे साडेचारशे गोल एकत्र केले तर पृथ्वीचे वस्तुमान होईल. आपला चंद्रदेखील त्याच्या जवळजवळ साडेपाचपट जड आहे.

अंतर आणि आकार यांची ही विषम जोडी ध्यानात यावी म्हणून एक कल्पनाचित्र डोळ्यांपुढे आणू. रायपूर शहरातील गुढ़ियारी वस्तीत सुमारे नऊ मीटर व्यासाचा, म्हणजे तीन मजली घराच्या उंचीचा, एक गोल ठेवला आहे आणि तो सूर्य आहे असे मानू. या मापाने पृथ्वी एक किलोमीटरवर येते, आणि तिचा आकार मोठ्या मोसंबीएवढा होतो. गुरू सुमारे पाच किलोमीटरवर, शनी साडेनऊ किलोमीटरवर, युरेनस एकोणीस किलोमीटरवर. दुर्गच्या दिशेने असेच पुढे गेले की नेपच्यून तीस किलोमीटरवर, भिलाईच्या आसपास भेटतो. प्लूटोसाठी मात्र दुर्गही ओलांडावे लागते, आणि तेथे जे सापडते ते जेमतेम दीड सेंटीमीटरचे, एका लहानशा बोराएवढे! या चित्रात प्रकाशाचा वेग हलक्या धावेने जाणाऱ्या माणसाइतका होतो. गुढ़ियारीहून निघालेल्या या धावकाला त्या बोरापर्यंत पोचायला सुमारे साडेपाच तास लागतील. सूर्यकिरणाला प्लूटोपर्यंत पोचायलाही तेवढाच वेळ लागतो.

प्लूटोची कक्षा लांबट आहे. सूर्याच्या अगदी जवळ असताना त्याचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या तीसपटीहून किंचित कमी, तर दूर गेला असता एकोणपन्नासपटीहून अधिक असते. म्हणूनच १९७९ ते १९९९ या वीस वर्षांत तो नेपच्यूनपेक्षाही सूर्याच्या निकट होता. शिवाय पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी त्याची कक्षा सतरा अंशांनी कललेली आहे. स्वतःभोवती फिरायला त्याला आपले सहा दिवस आणि नऊ तास लागतात. शॅरनही तेवढ्याच काळात त्याच्याभोवती फिरतो. त्यामुळे दोघे सदैव एकमेकांना एकच मुख दाखवितात, आणि प्लूटोवरील निम्म्या प्रदेशातून शॅरन आकाशात एकाच जागी टांगल्यासारखा दिसेल. निक्स, हायड्रा, कर्बेरॉस आणि स्टिक्स हे आणखी चार छोटे उपग्रह २००५ ते २०१२ या काळात सापडले.

प्लूटोचे खरे रूप १४ जुलै २०१५ रोजी प्रकट झाले. २००६ च्या जानेवारीत निघालेले ‘न्यू होरायझन्स’ हे अमेरिकन यान साडेनऊ वर्षांच्या प्रवासानंतर त्याच्या शेजारून गेले. व्यास २३७७ किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या दोनतृतीयांशाहून थोडा अधिक, असा निश्चित झाला. घनता पाण्याच्या १.८५ पट आहे. तीवरून अंतर्भागात सुमारे दोन हिस्से खडक आणि एक हिस्सा बर्फ असावा, असे अनुमान निघते. गुरुत्वाकर्षण इतके क्षीण की पृथ्वीवर साठ किलो भरणारा माणूस तेथे चार किलोही भरणार नाही. पृष्ठावरील तपमान शून्याखाली सुमारे २३० अंश. अशा थंडीत पाण्याचे बर्फ खडकासारखे कठीण होते, आणि त्याचे कित्येक किलोमीटर उंचीचे पर्वत तेथे उभे आहेत. त्यांतील एका रांगेला २०१७ साली एव्हरेस्टवीर तेनसिंग नोर्गे यांचे नाव देण्यात आले.

या पर्वतांच्या पायथ्याशी सुमारे हजार किलोमीटर पसरलेले एक शुभ्र मैदान आहे. आपण जो नायट्रोजन वायू श्वासाबरोबर घेतो, तोच तेथे गोठून त्या मैदानाचे बर्फ झाला आहे. या मैदानावर उल्कापाताचा एकही विवर दिसला नाही. याचा अर्थ त्याचा पृष्ठभाग फार जुना नाही. तो एक कोटी वर्षांपेक्षाही तरुण असावा, आणि ग्रहांच्या आयुष्यात एवढा काळ अल्पच. मंद आचेवर ठेवलेली दाट खीर तळातून हळूहळू वर येते, तसे हे बर्फ पोटातील किंचित उष्णतेने वर येते, निवते आणि पुन्हा खाली जाते. या गोलावर नायट्रोजनचे विरळ वातावरणही आहे. त्याचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या सुमारे लक्षांश इतकाच. तरी त्यात निळसर धुके तरंगते. निर्जीव, गोठलेला दगड अशी ज्याची समजूत होती, तो गोल आतून अद्याप जागा निघाला.

दरम्यान त्याचे पदही बदलले होते. १९९२ पासून नेपच्यूनपलीकडे तशाच बर्फाळ गोलांचा मोठा समुदाय सापडू लागला, आणि २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत प्लूटोची गणना बटुग्रहांत करण्यात आली.

आता केतकरांच्या आकड्यांकडे पुन्हा वळू. व्हॉयेजर यानाने १९८९ साली नेपच्यूनचे वस्तुमान अचूक मोजले, आणि ते हिशेबात धरताच युरेनसच्या गतीतले ते फरक नाहीसे झाले. म्हणजे लॉवेल यांनी कल्पिलेला जड ग्रह नव्हताच. त्याने दाखविलेल्या दिशेला प्लूटो सापडला, हा योगायोग. केतकरांनी अंतर आणि काल एवढेच सांगितले होते; ग्रह आकाशात कोठे दिसेल, हे सांगितले नव्हते. त्यांचा विष्णू तर कधी सापडलाच नाही. तेव्हा प्लूटोचा शोध केतकरांनी लावला, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. पण त्यांच्या विचाराचे बीज वाया गेले, असेही नाही. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात त्या काळात प्लूटोच्या दोन होतात, आणि या प्रमाणामुळेच कक्षा एकमेकींत शिरूनही दोघांची गाठ पडत नाही, हे १९६५ साली संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झाले. प्रमाणाचे स्वरूप केतकरांनी मानले तसे नव्हते. परंतु सूर्यकुलाच्या सीमेवरही गतींचे असे बंधन असते, ही त्यांची दृष्टी खरी ठरली.

पंचांगातील ग्रह आणि आकाशातील ग्रह यांत अंतर दिसले, तर पंचांग सुधारावे, असे केतकर आयुष्यभर सांगत आले. त्यांच्या ब्रह्म्यालाही तोच नियम लावणे, म्हणजे जुळले ते जुळले म्हणणे आणि न जुळले ते न जुळले म्हणणे, यापरता त्यांचा दुसरा गौरव नाही.