वैद्य होऊं पाहणाऱ्यांचा विषाद

शाळेच्या वरच्या वर्गांत जाऊन "पुढें कोण होणार?" असा प्रश्न केल्यास पुष्कळ मुलामुलींच्या तोंडून "डॉक्टर" हेंच उत्तर येईल. आईबापांच्या मनांतही बहुधा तेंच असतें, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. या विद्येचें दार किती अरुंद आहे हें सर्वांस ठाऊक आहे. २०२४ सालीं 'नीट' नांवाच्या प्रवेशपरीक्षेस २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, आणि एम. बी. बी. एस. च्या जागा साऱ्या देशांत मिळून एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या. दाराबाहेरील या गर्दीविषयीं घरोघर बोलणें चालतें. आंत गेलेल्यांचें पुढें काय होतें याविषयीं मात्र फारसें कोणी बोलत नाहीं. म्हणून त्यासंबंधानें चार शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

२०१६ सालीं अमेरिकेंतील वैद्यक संघाच्या नियतकालिकांत एक विस्तृत निबंध प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या ४३ देशांत झालेल्या पाहण्या एकत्र करून त्यांतील १,२०,००० हून अधिक वैद्यक-विद्यार्थ्यांची माहिती त्यांत तपासली होती. शेंकडा २७ विद्यार्थ्यांत विषादाचीं लक्षणें आढळलीं; म्हणजे चार जणांचा बांक धरला तर त्यावरील एक. शेंकडा ११ जणांच्या मनांत जीव नकोसा झाल्याचे विचार येऊन गेले होते. आपल्या देशांत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें नेमलेल्या समितीनें २०२४ सालीं आपला अहवाल सादर केला. तिच्या प्रश्नांस उत्तरें देणाऱ्या पंचवीस हजारांहून अधिक पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा सुमारें २८ जणांनीं आपणांस कांहीं ना कांहीं मानसिक व्याधि असल्याचें सांगितलें. या आंकड्यांविषयीं एक सावधगिरीची सूचना येथेंच देणें बरें. हे आंकडे बहुतेक प्रश्नपत्रिका भरून घेऊन काढलेले असतात. तज्ज्ञानें समोर बसवून केलेलें निदान निराळें, आणि तें केल्यास संख्या कांहींशी उतरते. तरी ती उपेक्षा करण्याजोगी राहात नाहीं.

विषाद म्हणजे काय, हें आधीं नीट समजून घेतलें पाहिजे. एखाद्या परीक्षेंत अपयश आलें, घरची आठवण झाली, आणि दोन दिवस मन उदास राहिलें, तर तो रोग नव्हे. अर्जुनाच्या हातून धनुष्य गळालें तोही विषादच. पण त्यास कारण समोर उभें होतें आणि तो बोलतां बोलतां सरला. ज्या व्याधीस आज नैराश्य अथवा डिप्रेशन म्हणतात, ती बोलतां बोलतां सरत नाहीं. निदान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ, मन खिन्न असतें किंवा कशांतच गोडी वाटत नाहीं. त्यासह झोंप उडते किंवा अतोनात येते, भूक बिघडते, अंगांत शक्ति राहात नाहीं, वाचलेलें ध्यानांत टिकत नाहीं, आपण निरुपयोगी आहों असें वाटूं लागतें. २००१ सालापासून वैद्य लोक नऊ प्रश्नांची एक लहानशी यादी वापरतात. ती रोग्यानें स्वतः भरली तरी व्याधीचा सुगावा लागतो. यांतलें एक लक्षण विद्यार्थ्यांच्या बाबतींत फार फसवें आहे. लक्ष लागेनासें झालें म्हणजे गुण घसरतात, आणि घरचीं माणसें त्यास आळस म्हणतात.

कित्येक जण म्हणतात कीं, हळव्या मनाचीं मुलेंच या विद्येकडे वळतात, त्यांत विद्येचा काय दोष? या आक्षेपाचें उत्तर २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासानें दिलें आहे. पदवी घेऊन रुग्णालयांत उमेदवारीस लागणाऱ्या ७४० तरुण डॉक्टरांस काम सुरू होण्यापूर्वीं तेच नऊ प्रश्न विचारले, आणि पुढें वर्षभर ठराविक अंतरानें पुनः विचारले. आरंभीं शेंकडा ३.९ जणांत व्याधीचीं लक्षणें होतीं. वर्षाच्या काळांत तें प्रमाण सरासरीनें २५.७ वर गेलें. माणसें तींच, मनें तींच. पालटली ती परिस्थिति. ज्यांस पूर्वीं एकदां विषाद होऊन गेला होता, ज्यांचें बालपण कष्टाच्या वातावरणांत गेलें होतें, त्यांस धोका अधिक होता हें खरें. स्त्रियांसही तो अधिक आढळला. परंतु त्याच अभ्यासांत कामाचे तास आणि आपल्या हातून रोग्याच्या बाबतींत चूक झाली ही टोंचणी, हींही कारणें ठळकपणें पुढें आलीं.

आपल्याकडील परिस्थिति पाहिली तर कारणांची रास आणखी मोठी आहे. गांवच्या शाळेंत सतत पहिला येणारा मुलगा अशा वर्गांत जाऊन बसतो, जेथें प्रत्येक जण आपापल्या शाळेंतून पहिला आलेला असतो. त्यांत कोणीतरी शेवटचा येणारच. आणि शेवटचें येणें म्हणजे काय, हें या मुलांस आयुष्यांत कोणीच शिकविलेलें नसतें. त्यांतून तो मराठी माध्यमांतून आलेला असला, तर शरीररचनेचें जाडजूड इंग्रजी पुस्तक त्याच्यापुढें पडतें. अभ्यास समजत नाहीं कीं भाषा, हें त्याचें त्यालाच उमगत नाहीं. घरापासून दूर वसतिगृहाची खोली, बापानें काढलेलें कर्ज, वरच्या वर्गांतील मुलांकडून होणारा छळ, कांहीं ठिकाणीं जातीवरून मारलेले टोमणे, हें सारें त्याच्या वांट्यास येऊं शकतें. छळ थांबविण्यासाठीं महाराष्ट्रांत १९९९ सालापासून कायदा आहे. पण रात्रीं वसतिगृहाच्या खोलींत कायदा आपण होऊन जात नाहीं. पुढें पदव्युत्तर शिक्षण घेतांना सलग चोवीस-तीस तास जागें राहण्याचा प्रसंग नवलाचा नसतो, आणि झोंप न मिळणें हें विषादाचें लक्षण आहे तसेंच तें त्याचें एक कारणही आहे.

आम्हांस सर्वांत खेदकारक वाटते ती गोष्ट निराळीच. वर सांगितलेल्या २०१६ च्या निबंधांत असें आढळलें कीं, ज्यांच्यांत लक्षणें दिसलीं त्यांपैकीं शेंकडा सुमारें १६ जणच उपचारासाठीं गेले. ज्यांच्या पुस्तकांत या रोगाचें प्रकरण आहे, ज्यांच्या महाविद्यालयांत या रोगाचा विभाग आहे, तेच दार ठोठावीत नाहींत! कारण त्या विभागांत बसलेले वैद्य हेच त्यांचे अध्यापक आणि परीक्षक असतात. दाराबाहेरच्या रांगेंत उभें राहिलें तर वर्गमित्र पाहतात. शिवाय, वैद्यानें डगमगूं नये ही समजूत फार जुनी आहे. सर विल्यम ऑस्लर या थोर वैद्यानें १८८९ सालीं फिलाडेल्फियांत विद्यार्थ्यांस निरोप देतांना मनाची समता हाच वैद्याचा मोठा गुण म्हणून वर्णिला होता. रोग्यासमोर ती समता हवी यांत शंका नाहीं. पण तिचा अर्थ वैद्यास स्वतःचें दुखणेंच नसावें असा करून घेतला गेला, आणि तो अर्थ आम्हांस घातक वाटतो. पाय मोडलेल्या विद्यार्थ्यास कोणी भित्रा म्हणत नाहीं.

परिस्थिति पालटतां येते याचींही उदाहरणें आहेत. अमेरिकेंतील सेंट लुई विद्यापीठाच्या वैद्यकशाळेनें २००९ च्या सुमारास आरंभींच्या वर्षांतील गुणांची चढाओढ काढून टाकून नुसतें उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठेवलें, व्याख्यानांचे तास कमी केले आणि विद्यार्थ्यांचे लहान लहान गट केले. पुढील तुकड्यांत विषादाचें प्रमाण आधीच्यांपेक्षां स्पष्टपणें उतरलें. आपल्याकडे वर उल्लेखिलेल्या समितीनें पदव्युत्तर विद्यार्थ्यांस आठवड्यास ७४ तासांहून अधिक काम देऊं नये व एक दिवस सुटी द्यावी अशी शिफारस केली आहे. चौऱ्याहत्तर तास हेंच ज्यांस सवलतीसारखें वाटावें, त्यांचे आजचे दिवस कसे जात असतील याची कल्पना वाचकांनींच करावी.

आतां पालकांसाठीं थोडें. मुलगा किंवा मुलगी दूर शिकत असली तर फोनवर गुणांआधीं झोंपेची व जेवणाची चौकशी करावी. बोलणें तुटक झालें, सुटींतही घरीं यावेंसें वाटेना, आवडीची गोष्ट सुटली, तर तें ध्यानांत घ्यावें. "जगण्याचा कंटाळा येतो का?" असें सरळ विचारण्यास भिऊं नये, विचारल्यानें तो विचार मनांत नव्यानें शिरत नाहीं, उलट कोंडलेलें बोलण्यास वाट मिळते. उत्तर होकारार्थी आलें तर त्यास क्षणभरही एकटें न ठेवतां त्याच दिवशीं वैद्याकडे न्यावें. एखादें वर्ष मागें पडलें तरी चालेल, हें वाक्य घरांतून आधींच ऐकलेलें असलें म्हणजे मुलांस बोलणें सोपें जातें.

हा रोग बरा होणारा आहे. संवादोपचार आणि औषधें, किंवा दोन्ही मिळून, यांनीं बहुतेकांस गुण येतो. औषधाचा परिणाम दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यांत कांहीं होत नाहीं असें म्हणून तें सोडूं नये, आणि बरें वाटूं लागलें म्हणूनही वैद्यास न विचारतां बंद करूं नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यानें रोग्याची माहिती गुप्त राखण्याचें बंधन उपचारकांवर घातलें आहे. आपल्याच महाविद्यालयांत जाण्यास संकोच वाटत असेल, तर केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेली 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तो अहोरात्र चालतो, आणि तेथें मराठींतही बोलतां येतें.