जमीन आपली, पोटातला मुरूम कोणाचा?

मागच्या उन्हाळ्यात गावाहून काकांचा फोन आला. शेतात विहीर खणताना मुरूम लागला होता. एका ठेकेदाराने पंधरा-वीस ब्रास मुरूम रस्त्याच्या कामाला नेला आणि काकांच्या हातावर थोडे पैसे ठेवले. महिन्याभरात दंडाची नोटीस दारात! काका म्हणाले, "अरे, सातबारा माझ्या नावावर, मग मुरूम दुसऱ्याचा कसा?"

मीही कागद काढून बसलो. सातबारा सांगतो जमीन कोणाची, पीक कोणते, बोजा किती. पोटातल्या खनिजाचा मालक तो सांगत नाही. ते उत्तर आहे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ मध्ये. सरकारने जमीन देताना सनदेत वेगळे काही स्पष्ट लिहिले नसेल, तर जमिनीवरची आणि जमिनीखालची सर्व खनिजे राज्य सरकारची. मुरूम, दगड, वाळू ही गौण खनिजेही त्यात आली.

म्हणून पाहायची ती जुनी सनद. घरात इनामाची सनद असेल, तर तिची नक्कल काढून खनिजांचा उल्लेख शोधावा आणि जाणत्या वकिलाला दाखवावा. नुसत्या खरेदीखतात 'खनिजासह' असे लिहून भागत नाही. विकणाऱ्याकडे जे नव्हतेच, ते घेणाऱ्याला कुठून मिळणार?

सगळ्या देशात मात्र हाच नियम नाही. केरळातील मलबारच्या जन्मी जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली निकाल दिला, की कायद्याने काढून घेतले नसेल तर भूगर्भातील खनिजही जमीनमालकाचेच. आपल्याकडे कायद्याने ते आधीच राखून ठेवले आहे, हा फरक.

मग शेतकऱ्याच्या हाती काहीच नाही का? आहे. सरकारच्या खनिजासाठी तुमच्या जमिनीचा पृष्ठभाग अडला किंवा खराब झाला, तर त्याची भरपाई मागण्याचा हक्क याच कलमात आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवलेली रक्कम मान्य नसेल, तर दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे.

पण विनापरवाना काढलेल्या खनिजाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा मुरूम विकण्याआधी तहसील कचेरीत अर्ज करा, स्वामित्वधन भरा, वाहतुकीचा पास घ्या आणि पावत्या जपून ठेवा. ठेकेदार "मी बघतो सगळं" म्हणाला, तरी परवान्याचा कागद स्वतः पाहा. काकांनी तो पाहिला नव्हता. ठेकेदार पुढच्या कामाला निघून गेला; नोटीस आली ती सातबाऱ्यावरच्या नावाला.