काका, ऑनलाइनला कमी आहे!

महाडच्या बाजारपेठेत मोबाइलच्या दुकानात उभं राहून हे वाक्य तुम्ही एकदा तरी म्हटलं असेल. समजा, पोलादपूरहून एसटीने आलात. सोबत बाबा, त्यांच्या खिशात मोजून आणलेले पैसे. काका सांगतात १६,९९९. तुम्ही फोन काढून स्क्रीन पुढे करता, तिथे १५,४९९. "मग ऑनलाइनच घे ना बाळा," काका म्हणतात. बाबा तुमच्याकडे बघतात. पुढची दहा मिनिटं कुणालाच धड जात नाहीत.

आधी कडू गोष्ट सांगून टाकतो. ऑनलाइनचा भाव दुकानदाराने दिलाच पाहिजे, असा कायदा आपल्याकडे नाही. खोक्यावरची एमआरपी ही वरची मर्यादा. तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, पण तिच्या खाली किती उतरायचं हे दुकानदार ठरवतो. 'प्राइस मॅच' म्हणजे दुसऱ्याच्या भावाला आपला माल देणं, आणि ते ज्याच्या त्याच्या दुकानाचं धोरण. अमेरिकेत बेस्ट बायसारखी दुकानं ते करतात, पण मॉडेल तंतोतंत तेच हवं, माल शिल्लक हवा, आणि एखाद्या साइटवर तिसराच विक्रेता विकत असेल तर तो भाव धरत नाहीत. आपल्या मोठ्या ॲप्सवर तर जवळजवळ सगळा माल असे विक्रेतेच विकतात! टार्गेट या तिथल्या साखळीने जुलै २०२५ अखेरीस ॲमेझॉन आणि वॉलमार्टचे भाव जुळवणं बंदच केलं. तेव्हा महाडच्या काकांनी नाही म्हटलं तर ते लुटारू ठरत नाहीत.

आता तो स्क्रीनवरचा आकडा नीट बघा. खरा भाव १६,४९९, त्यातून अमुक बँकेच्या क्रेडिट कार्डवर हजार वजा. ते कार्ड कुणाकडे आहे? नालासोपाऱ्याच्या दादाकडे. म्हणजे तुमच्यासाठी फरक पंधराशेचा नाहीच, पाचशेचा आहे. पाचशेवर घासाघीस होते, पंधराशेवर भांडण होतं. लॅपटॉप असेल तर मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. एक अक्षर बदललं की रॅम किंवा स्क्रीन वेगळी असू शकते. आणि 'जीएसटी कमी झाला ना काका' असं मोबाइलच्या बाबतीत म्हणू नका. २२ सप्टेंबर २०२५ ला एसी आणि ३२ इंचांहून मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ वर आले. मोबाइल-लॅपटॉप आधीही १८ वर होते, आजही १८ वरच आहेत.

काकांचीही बाजू आहे. जुलै २०२१ च्या पुरात ही बाजारपेठ बुडाली, दुकानांतला माल चिखलात गेला. त्यातून उभं राहिलेलं दुकान आणि शहराबाहेरचं गोदाम यांचा हिशेब एक नसतो. शिवाय चार्जर बिघडला तर तुम्ही जाणार काकांकडेच. हे मान्य करूनसुद्धा एका ठिकाणी मात्र काकांचं ऐकू नका.

ते ठिकाण म्हणजे बिल. घासाघीस रंगात आली की आवाज खाली येतो: "देतो ऑनलाइनच्या भावात, पण कच्चं बिल. पक्कं हवं तर जीएसटी वेगळा." इथेच आपल्यातले बरेच जण हो म्हणतात. घरी जाऊन सांगायला बरं वाटतं, 'भाव जुळवून घेतला.' पण कच्च्या चिठ्ठीवर दुकानाचा जीएसटी नंबर नसतो, हँडसेटचा आयएमईआय नसतो. चार महिन्यांनी डिस्प्ले गेला की सर्व्हिस सेंटरवाला पहिलं बिल मागतो. मग हजार वाचवल्याचे चार हजार होतात.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार विकलेल्या वस्तूचं बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि 'जीएसटी वेगळा' म्हणाल तर एमआरपी सगळे कर धरूनच छापलेली असते. यावर गाजलेलं प्रकरण वुडलँड ब्रँडच्या एरो क्लब कंपनीचं. जाहिरात होती सरसकट ४० टक्के सवलतीची, काउंटरवर मात्र सवलतीनंतरच्या किमतीवर वर व्हॅट लावला. जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ही प्रथा अनुचित ठरवली. रक्कम किरकोळ होती, ग्राहकाने तरी सोडलं नाही.

या प्रकरणातून आपल्या कामाची गोष्ट हीच. भाव जुळवून द्यायची सक्ती दुकानदारावर नाही, पण 'ऑनलाइनपेक्षा कमी भाव' असा बोर्ड त्याने लावला, स्टेटसला टाकलं किंवा पेपरात पॅम्फ्लेट घातलं, की तो शब्द त्याला बांधतो. किमतीबाबत लोकांची दिशाभूल करणंही त्याच कायद्यात अनुचित प्रथा म्हणून धरलंय. म्हणून बोर्डाचा फोटो काढा. भाव व्हॉट्सॲपवर विचारा, उत्तर जपून ठेवा. बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'अटी लागू' असेल तर त्या अटी आधी वाचायला मागा. ऑनलाइन पानाचा स्क्रीनशॉट तारीख-वेळ दिसेल असा घ्या, कारण सेलचा भाव संध्याकाळपर्यंत बदललेला असतो आणि मग तुम्हीच खोटे पडता.

तरी बिनसलंच तर १९१५ ला फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण दुकानालाही नाव खराब झालेलं नको असतं. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी शून्य, मुदत दोन वर्षं, वकील लावायची सक्ती नाही. दुकान कुठलंही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आपला आयोग अलिबागला, म्हणजे पोलादपूरहून जाऊन-येऊन अख्खा दिवस गेला. पण तक्रार ऑनलाइन भरता येते आणि सुनावणी व्हिडीओ कॉन्फरन्सने व्हावी असा अर्जही देता येतो. आंबेनळी घाटाच्या बाजूच्या वाड्यांत त्या वेळी रेंज असेल का, तेवढं कायद्यात लिहिलेलं नाही.