ऊन, बोअरचे पाणी आणि पार्लर

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. खालून नव्या पेशी वर सरकत राहतात आणि साधारण महिनाभरात हे आवरण बदलते. डोक्यावर दिसणारा केसही मृतच. जिवंत असते ते त्वचेतले मूळ, आणि त्यातून केस महिन्याला सुमारे १ सेंटीमीटर वाढतो. पार्लरमधले बहुतेक उपचार या मृत भागावर चालतात, म्हणून ते लगेच दिसतात आणि लवकर उतरतात. जिवंत भागाला ऊन, घाम आणि पाणी यांपासून जपायचे काम रोजच्या निगेचे. परभणी जिल्ह्यात हे काम सोपे नाही.

मे महिन्यात पारा ४४ अंशांपलीकडे जातो, महिन्याच्या मध्यास भरदुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो. उलट डिसेंबर-जानेवारीत परभणीच्या कृषी विद्यापीठात ५ अंशांखालच्या तापमानाचीही नोंद होते. उन्हाळ्यात ३० किंवा त्याहून अधिक एसपीएफचे सनस्क्रीन दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे लागते. दिवसभर शेतात राबणाऱ्याला ते परवडणारे नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि घट्ट विणीचा रुमाल हेच त्याचे खरे संरक्षण. हिवाळ्यात डाळीचे पीठ लावून खसाखसा रगडल्यास कोरडी त्वचा आणखी फुटते. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेल किंवा मॉइश्चरायझर लावल्यास ओलावा टिकतो.

पाण्याचा प्रश्न बारमाही आहे. काळ्या बेसॉल्ट खडकातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी मिळून फेसाऐवजी चिकट साका तयार करतो. तो केसांवर बसला की केस राठ होतात आणि दोष साबणाच्या ब्रँडला मिळतो. अशा पाण्यात केसांना साबणापेक्षा सौम्य शाम्पू बरा. पार्लरमध्ये केस धुतले जातात तेही बऱ्याचदा बोअरच्याच पाण्याने, हे विसरले जाते.

कोंड्याबाबतचा गैरसमज जुना आहे. कोंडा डोके कोरडे पडल्याने होतो असे मानून तेल चोपडले जाते. प्रत्यक्षात कोंड्यामागची मॅलासेझिया नावाची बुरशी टाळूवरच्या तेलकटपणावरच जगते. किटोकोनॅझोलचा शाम्पू टाळूवर तीन ते पाच मिनिटे ठेवून धुतल्यास ती आटोक्यात येते. याचा अर्थ तेल वाईट असा नाही. खोबरेल केसात मुरून त्यातील प्रथिनांची झीज कमी करते. त्यामुळे न्हाण्याआधी ते केसांच्या लांबीला लावणे शहाणपणाचे. केसगळतीचीही उगाच धास्ती नको, रोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे.

फेशियलची चकाकी बरीचशी वाफ आणि मालिशने वाढलेल्या रक्तप्रवाहाची असते. ब्लीचमुळे चेहऱ्यावरची लव फिकी होते, त्वचा गोरी होत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी नवा प्रयोग केला तर हळदीऐवजी पुरळच उठून दिसतो. आठवडाभराचे अंतर हवे. हेअर स्पा चार-सहा धुण्यांपुरता टिकतो. केस सरळ करण्याच्या काही रसायनांतून गरम इस्त्रीखाली फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. त्यामुळे खोली हवेशीर असावी आणि डोळे चुरचुरले तर काम थांबवावे. काळ्या डायमध्ये आणि झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीत पीपीडी हे द्रव्य असू शकते. त्याची अ‍ॅलर्जी तपासायला डायचा ठिपका कानामागे लावून ४८ तास थांबायचे असते. सलूनमध्ये नवे ब्लेड आपल्यासमोर उघडले जावे, आणि चंपीनंतर मानेला झटका देऊ देऊ नये.

खरा धोका मात्र डबीतून येतो. गोरेपणाच्या बेनामी क्रीममध्ये स्टिरॉइड किंवा पारा निघू शकतो. अकोल्यात एक तरुणी, तिची आई आणि बहीण यांच्या किडन्या अशाच क्रीमने बिघडल्या. पारा आढळला तो मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत. गजकर्णावर दुकानातून आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलम लावले की खाज थांबते, बुरशी मात्र पसरत राहते आणि पुढची औषधेही नीट लागू पडत नाहीत. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर तो पार्लरचा विषय नाही. तो कुष्ठरोगाचा असू शकतो, आणि त्यावरचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते.