सामाजी म्हणजेच सॅम्युएल!

तुमच्या पणजोबांच्या पिढीत कुणी नवसाजी होते का? आठवून बघा. वाशिम-रिसोडकडच्या खेड्यांत, पलीकडे हिंगोलीत हे नाव जुन्या माणसांत सापडतं. पोर होत नव्हतं, देवाला नवस बोलला, पोरगा झाला, नाव ठेवलं नवसाजी. विषय संपला! आता हेच नाव हिब्रूत शोधायचं तर? सॅम्युएल.

मूळ उच्चार श्मुएल. मराठी बायबलात शमुवेल. 'शेम' म्हणजे नाव आणि 'एल' म्हणजे देव, म्हणून 'देवाचं नाव' असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. पण जुन्या करारातली गोष्ट वेगळंच सांगते. हन्नाला मूल नव्हतं. सवत टोमणे मारायची. तिने देवळात रडून नवस केला. मुलगा झाला तेव्हा 'देवाकडे मागितला' म्हणून नाव ठेवलं श्मुएल आणि नवस फेडायला त्याला देवाच्या सेवेत सोडलं. व्याकरणवाले म्हणतात, 'मागितलेला' हा अर्थ 'शौल' या नावाला जास्त बसतो. बसू द्या. आईला व्याकरण कोण विचारतं? गंमत म्हणजे पुढे याच श्मुएलने शौलला इस्राएलचा पहिला राजा केलं.

हे नाव मराठीत आलं कोकणातून. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्रायली लोक तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी काम बंद, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचं. घरात बोली मराठी, गावावरून आडनाव आणि नावापुढे आपल्यासारखाच 'जी'. श्मुएलचा झाला सामाजी, यहेज्केलचा हसाजी, बिन्यामीनचा बुनाजी!

त्यांतले सामाजी हसाजी दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते. ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. तिथे जात विचारली, 'बेने इस्रायल' हे उत्तर ऐकून टिपूच्या आईने मध्यस्थी केली आणि जीव वाचला, असं समाजात सांगतात. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला बेने इस्रायलींचं पहिलं सिनेगॉग बांधलं. हाही एका अर्थी नवसच म्हणा ना.

मग ही नावं गेली कुठे? एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी या मुलांना हिब्रू शिकवायला घेतलं. जॉन विल्सन यांनी तर १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण काढलं. बायबल मराठीत हाती आलं, आपली नावं त्यात छापलेली दिसली. हळूहळू सामाजींच्या घरात सॅम्युएल जन्मले, हसाजींच्या घरात इझिकेल. कवी निसिम इझिकेल यांच्या आडनावात तेच नाव आहे. आपल्याकडे नवसाजींच्या नातवाचं नाव काय ठेवलं, ते तुम्हीच बघा.

मुंबईला गेलात तर मशीद बंदर स्टेशनला उतरा. सामाजींच्या सिनेगॉगला लोक मशीदच म्हणायचे, स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. जवळच त्यांच्या नावाचा रस्ता आहे. नाव मात्र सॅम्युएल स्ट्रीट.