मनात घर केलेला चित्रपट

(चित्रपट येतात आणि जातात. फार थोडे चित्रपट लोकांच्या बोलण्यात उरतात. ‘अशी ही बनवाबनवी’ हा मराठी चित्रपट अशा थोड्यांपैकी एक आहे. तो इतकी वर्षे का टिकला आणि आपल्या बोलण्याचालण्यात कसा मिसळला, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हा प्रश्न तुम्ही कोठे ना कोठे ऐकला असेल. पालघरच्या एस.टी. स्टँडवर, बोईसरच्या बाजारात किंवा आपल्या माहीममध्ये ओट्यावर बसलेल्या मुलांच्या तोंडी. विचारणाऱ्याला कोणाचाही पत्ता नको असतो. ऐकणाराही पत्ता सांगत नाही. दोघेही फक्त हसतात. धनंजय माने हा खरा माणूस नाही. तो एका चित्रपटातला भाडेकरू आहे. तरीही महाराष्ट्रात त्याला ओळखत नाही असा माणूस शोधावा लागेल.

तो चित्रपट म्हणजे ‘अशी ही बनवाबनवी’. २३ सप्टेंबर १९८८ रोजी तो प्रदर्शित झाला. सचिन पिळगावकर यांनी त्याचे दिग्दर्शन केले आणि किरण शांताराम यांनी तो निर्माण केला. संवाद वसंत सबनीस यांचे होते. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे गाजलेले लोकनाट्य लिहिणारे तेच हे लेखक. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन आणि सिद्धार्थ रे यांनी चार मित्रांची कामे केली. त्या काळात मराठीत विनोदी चित्रपटांची लाट आली होती. ‘धूमधडाका’ १९८५ मध्ये आणि ‘गंमत जंमत’ १९८७ मध्ये येऊन गेला होता. त्या लाटेतले अनेक चित्रपट आता फक्त जाणकारांना आठवतात. ‘बनवाबनवी’ मात्र लहानथोर सर्वांना आठवतो. असे का झाले असावे?

आधी गोष्ट थोडक्यात पाहू. धनंजय पुण्यात एका चिकट घरमालकाच्या खोलीत भाड्याने राहतो. त्याचा धाकटा भाऊ शंतनू, तसेच सुधीर आणि परशुराम हे दोन मित्र त्याच्याकडे राहायला येतात. मालकाला हे पसंत पडत नाही. खोली सोडावी लागते. मग घराचा शोध सुरू होतो. बिनलग्नाच्या चार तरुणांना घर द्यायला कोणी तयार नसते. शेवटी लीलाबाई काळभोर नावाच्या वृद्ध बाईंचा बंगला सापडतो. पण त्यांची अट असते की भाडेकरू विवाहित जोडपीच हवीत. आता बायका आणायच्या कोठून? म्हणून चौघांतले दोघे साडी नेसतात. सुधीरची सुधा होते आणि परशुरामची पार्वती. ही झाली बनवाबनवी.

खरी गंमत पुढेच आहे. चौघेही प्रेमात पडतात. सुधीरचे मन जिच्यावर जडते, ती मनीषा त्याच बंगल्यात राहते. म्हणजे घरात तो तिच्यासमोर सुधा असतो आणि बाहेर सुधीर! घर टिकवायचे तर प्रेम लपवावे लागते आणि प्रेम सांगायचे तर घर जाते. सगळा विनोद या ओढाताणीतून उभा राहतो. शेवटी सोंग उघडे पडते आणि सारे गोड होते.

या गोष्टीची मुळे मराठीत नाहीत, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. मूळ कल्पना बंगालीतली आहे. १९६६ मध्ये हृषीकेश मुखर्जी यांनी तिच्यावर हिंदी चित्रपट काढला. त्याचे नाव होते ‘बीवी और मकान’. हे नाव तुम्हांला समजावून सांगण्याची गरज नाही. बीवी असेल तर मकान, नाहीतर नाही, हीच तर साऱ्या गोष्टीची गोम. पुढे याच कल्पनेवर तेलुगूत १९९१ मध्ये, कन्नडमध्ये २००३ मध्ये आणि पंजाबीत २०१४ मध्ये चित्रपट निघाले. दूर अमेरिकेतही १९५९ साली ‘सम लाइक इट हॉट’ या चित्रपटात दोन पुरुष बायकांचा वेश घेतात. पण त्यांना घर नको असते, गुंडांपासून जीव वाचवायचा असतो. आपल्याकडे मात्र डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून सोंग घ्यावे लागते. हा फरक ध्यानात ठेवा. चित्रपट टिकण्याचे पहिले कारण त्यातच आहे.

शहरात घर मिळणे ही त्या काळची खरी अडचण होती. कामधंद्यासाठी गावोगावचे तरुण मुंबई-पुण्याला येत. खोल्या कमी आणि माणसे जास्त. त्यातच १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे जुनी भाडी वाढवता येत नसत आणि भाडेकरूला सहज काढताही येत नसे. कायदा भाडेकरूच्या रक्षणासाठी होता. पण त्यामुळे अनेक मालक नवा भाडेकरू ठेवायलाच कचरू लागले. ठेवलाच तर दहा अटी घालून. १९९९ मध्ये राज्यात नवा कायदा झाला. आता ठरावीक महिन्यांचा करार करून घर देण्याची रीत सर्वत्र दिसते. अटी मात्र पुष्कळशा तशाच राहिल्या.

आपल्या जवळचेच उदाहरण घ्या. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करायला देशभरातून माणसे येतात आणि बोईसरच्या आसपास खोल्या शोधतात. त्यांना पहिला प्रश्न येतो, ‘फॅमिली आहे की एकटेच?’ मग नाव, गाव, जात, धर्म, खाणेपिणे. कधी कधी नाव ऐकल्यावर ‘खोली कालच गेली’ असे उत्तर मिळते आणि खोलीला कुलूप मात्र तसेच दिसते. ज्याने असे उत्तर ऐकले आहे, त्याला धनंजयची धावपळ परकी वाटत नाही. तो हसतो, कारण पडद्यावर कोणीतरी त्या अटीलाच बनवलेले असते.

चित्रपट आपल्याला खोटे बोलायला शिकवतो का? तसे नाही. एक खोटे झाकण्यासाठी दुसरे खोटे बोलावे लागते आणि चौघांचा जीव मेटाकुटीला येतो, हे तो दाखवतोच. पण त्याबरोबर तो एक प्रश्नही आपल्यासमोर ठेवतो. खरे बोलणाऱ्याला दार बंद आणि सोंग घेणाऱ्याला उघडे, अशी रीत असेल, तर दोष एकट्या सोंग घेणाऱ्याचा मानायचा का? याचे उत्तर तुम्हीच शोधा.

टिकण्याचे दुसरे कारण म्हणजे भाषा. मराठी शिकणाऱ्या तुम्हां मुलांना यात विशेष गोडी वाटेल. एका प्रसंगी गडबडलेला धनंजय स्त्रीवेषातल्या परशुरामाची ओळख करून देतो आणि बोलून जातो, ‘हा माझा बायको.’ सारे चित्रपटगृह का हसते? मराठीत ‘बायको’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. म्हणून ‘ही माझी बायको’ असे हवे. उर्दूत ‘यह’ बदलत नाही, पण ‘मेरा’ आणि ‘मेरी’ बदलतात. मराठीत ‘हा, ही, हे’ सुद्धा बदलतात. व्याकरणाची चूक करून धनंजय नकळत खरे बोलून जातो! लिंगविचाराचा हा धडा एकदा ऐकला की विसरता येत नाही.

दुसरा प्रसंग सत्तर रुपयांचा. धनंजयने घरमालकाकडून औषधासाठी सत्तर रुपये घेतलेले असतात. मालक विचारतो, तेव्हा तो सांगतो की औषध देणारा मित्र वारला. मग पैशांचे काय? तर तेही वारले! ‘वारणे’ हे क्रियापद माणसासाठी, तेही आदराने वापरतात. उर्दूत आपण ‘इंतिकाल’ म्हणतो तसे. रुपयांचा इंतिकाल झाला असे कोणी म्हटले तर तुम्ही हसाल की नाही? तेव्हापासून बुडालेल्या पैशांना ‘वारले’ म्हणण्याची मराठीत पद्धतच पडली आहे. एका चित्रपटाने भाषेला एक नवा अर्थ दिला, तो असा.

तिसरे कारण म्हणजे सोंगाची जुनी परंपरा. पुरुषाने स्त्रीची भूमिका करणे मराठी माणसाला नवे नव्हते. बालगंधर्व (१८८८-१९६७) यांनी संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या आणि त्यांच्या साड्या-दागिन्यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करू लागल्या. तमाशातली ‘मावशी’ पुरुषच रंगवतो. उर्दू नाटके करणाऱ्या पारशी नाटक मंडळ्यांतही पुरुष स्त्रीभूमिका करीत. बालगंधर्वांच्या भूमिकेत पुरुष पूर्ण लपत असे. पार्वतीच्या भूमिकेत लक्ष्मीकांत बेर्डे पुरुषाला मुद्दाम डोकावू देतात. चाल बाईची आणि मध्येच आवाज बाप्याचा. आज पाहताना त्यातली काही थट्टा जुनी वाटते. बाईच्या वेषाला किंवा तिच्या दुःखाला हसणे आता अनेकांना खटकते. तसे वाटणे चुकीचे नाही. जुनी कलाकृती आवडली, तरी डोळे उघडे ठेवूनच ती पाहावी.

या चित्रपटाचा ठसा केवळ बोलण्यावर उमटला नाही. चित्रपटात पार्वती गरोदर असल्याचे नाटक करावे लागते आणि तिचे डोहाळजेवण होते. डोहाळजेवण म्हणजे ज्याला आपल्याकडे गोदभराई म्हणतात, तो समारंभ. सोंगातल्या पोटासाठी म्हटलेले ते गाणे आज खऱ्याखुऱ्या डोहाळजेवणात हौसेने लावले जाते. अश्विनी भावे यांच्या साडीमुळे ‘लिंबू कलर’ हा शब्द साड्यांच्या दुकानांत आणि घराघरांत थट्टेचा विषय झाला. आधी चित्रपटगृह, मग दूरदर्शन आणि व्हिडिओ कॅसेट, त्यानंतर खासगी वाहिन्या आणि आता मोबाइल असा त्याचा प्रवास झाला. त्यातल्या प्रसंगांची चित्रे आणि वाक्ये तरुण मुले एकमेकांना पाठवतात. चित्रपट आला तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता.

या चित्रपटातले कितीतरी कलावंत आता आपल्यात नाहीत. सिद्धार्थ रे आणि लक्ष्मीकांत बेर्डे दोघेही २००४ मध्ये गेले. वसंत सबनीस त्याआधीच, २००२ मध्ये गेले होते. अशोक सराफ यांना २०२३ चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार आणि २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांना पाहताच लोकांच्या ओठांवर आजही धनंजय माने हे नाव येते.

मुलांनो, एखादी भाषा आपली झाली हे कसे ओळखावे? परीक्षेत गुण मिळाले म्हणजे भाषा आली, असे नाही. त्या भाषेतला विनोद कोणी समजावून न सांगता कळला आणि आपण इतरांबरोबर त्याच क्षणी हसलो, म्हणजे भाषा आली. माहीमचा वाडवळ असो, मांगेला असो की मुसलमान, घरची बोली प्रत्येकाची वेगळी. पण ‘हा माझा बायको’ ऐकून सगळे एकदमच हसतात. त्या वेळी कोणी कोणाला नाव, गाव, जात विचारत नाही. चित्रपटातल्या चौघांना घर मिळवण्यासाठी सोंग घ्यावे लागले. भाषेच्या घरात राहायला मात्र कोणाचीही अट नाही आणि भाडेही नाही. त्या घरात तुम्हीही हक्काने राहा.

शब्दार्थ

भाडेकरू – किराएदार
चिकट – कंजूष
गोम – मर्म, खरी मेख
कचरणे – घाबरून मागे सरणे
मेटाकुटीला येणे – अगदी थकून जाणे
सोंग – घेतलेले खोटे रूप
घरंदाज – चांगल्या घराण्यातील
मनात घर करणे – मनात कायमचे राहणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लीलाबाई काळभोर यांची अट कोणती होती?
(आ) ‘बीवी और मकान’ हा चित्रपट कोणी दिग्दर्शित केला?
(इ) तमाशातली मावशी कोण रंगवतो?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) घरमालक नवा भाडेकरू ठेवायला का कचरू लागले?
(आ) सुधीरची ओढाताण कशामुळे होते?
(इ) ‘वारले’ या शब्दाला चित्रपटामुळे कोणता नवा अर्थ मिळाला?

३. योग्य शब्द निवडून वाक्ये पूर्ण करा. (हा, ही, हे)
(अ) ____ माझे घर आहे.
(आ) ____ माझी खोली आहे.
(इ) ____ माझा शेजारी आहे.

४. चर्चा करा.
घर भाड्याने देताना कोणते प्रश्न विचारणे योग्य आणि कोणते अयोग्य, यावर वर्गात चर्चा करा. तुमचे मत दहा ओळींत लिहा.

५. उपक्रम.
घरातील मोठ्या माणसांना त्यांच्या तरुणपणी आवडलेल्या एखाद्या विनोदी चित्रपटाविषयी विचारा. त्यातले कोणते वाक्य ते अजून बोलतात, ते मराठीत लिहून आणा.