तुंगारेश्वर : खाडीपलीकडचा धबधबा

भाईंदर सोडून लोकल खाडीपुलावर आली की उजव्या हाताला डोंगरांची रांग दिसते. त्यातच तुंगारेश्वर. मीरा-भाईंदरकरांना एका दिवसात जाऊन येण्याजोगा.

कसं जायचं

वसई रोडला पूर्वेकडे उतरून सातिवलीमार्गे रिक्षाने महामार्गावरचा तुंगारेश्वर फाटा गाठायचा. स्वतःची गाडी असेल तर काशिमिऱ्याहून वरसावे पूल ओलांडून सरळ अहमदाबाद महामार्ग. फाट्यापासून तुंगारेश्वर महादेवाच्या देवळापर्यंतची वाट जंगलातून जाते आणि मध्ये ओढे आडवे येतात. ती पायीच चालावी. अर्धी सहल त्या वाटेवरच होते.

जंगल कोणाचं

२००३ साली राज्य सरकारने इथे अभयारण्य घोषित केलं. क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. दक्षिणेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, ईशान्येला तानसा अभयारण्य, आणि मधला दुवा हा. इथे बिबट्या आहे. म्हणूनच स्पीकर, चूल आणि बाटल्या यांना इथे थारा नाही. देवळात महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी गर्दी उसळते. शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा.

पाणी कुठून येतं, माणूस कुठे फसतो

हा डोंगर लाव्ह्याच्या थरांचा. कठीण थर टिकतो, मऊ झिजतो. त्यातून पायऱ्या पडतात आणि त्यांवरून पाणी कोसळतं. काळा पाषाण पाणी फारसं धरून ठेवत नाही, त्यामुळे पाऊस सरला की धबधबाही हळूहळू आटतो. उन्हाळ्यात येऊन ‘इथे काहीच नाही’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

खरा धोका खालच्या डोहांत असतो. प्रवाहात गरगरणारे दगडगोटे तळ कोरत जातात आणि रांजणखळगे तयार होतात. गढूळ पाण्यात ते दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातलं पुढचं पाऊल डोक्यावरच्या पाण्यात पडू शकतं, आणि तिथे पोहता येणाराही गडबडतो. दुसरं म्हणजे, खाली ऊन असताना वर डोंगरात सर कोसळली तर ओढा मिनिटांत फुगतो. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला, की फोटो राहू द्या आणि काठ गाठा. शेजारच्या चिंचोटीच्या धबधब्याने असे अनेक जीव घेतले आहेत. म्हणून पावसाळ्यात अशा ठिकाणी पोलीस बंदी घालतात. मीरा-भाईंदर आणि वसई-विरारचं पोलीस आयुक्तालय एकच असल्याने आदेश शोधायला लांब जावं लागत नाही. निघण्यापूर्वी तो पाहा.

कधी जावं

जुलैत सगळे जातात. माझं मत सप्टेंबरअखेरचं. पाणी निवळलेलं, रान हिरवंगार, गर्दी ओसरलेली. धबधब्याखाली उभं राहण्यापेक्षा समोरच्या खडकावर बसून तो बघण्यातच जास्त सुख आहे.

सोबत काय

पकड असलेले बूट, पाणी, कोरडे कपडे, डबा आणि कचरा परत आणायला एक पिशवी. रिक्षावाल्याशी परतीचं आधीच ठरवून ठेवा, नाहीतर फाट्यावर ताटकळत बसावं लागेल.